‘इतर आजार : नाही’

(पेण येथे २६ सप्टेंबर आणि रोहा येथे ३ ऑक्टोबर २०२१ रोजी कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. रोह्यातील भाषणाचे हे लिखित रूप आहे.)



 मास्क लावून, एकेक खुर्ची सोडून बसलात, शुक्रिया.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माहिती नीट साठवणं आणि ती चुकली तर कुठे चुकली हे शोधणं, हे माझं रोजचं काम. आज आजारांवर बोलायला उभा राहिलोय त्याचं कारण असं, की गेल्या एप्रिलमध्ये माझ्या हातून माहितीचीच एक चूक झाली. ती चूक आपल्या सगळ्यांच्या घरात होते आहे, म्हणून ती तुमच्यापुढे ठेवतो.

आठवतं ना एप्रिल? १४ तारखेला पहिला रोजा होता आणि दुसरी लाट शिगेला पोचत होती. आयसीयूचा बेड हवा तर पेशंट घेऊन पनवेल, नवी मुंबईकडे पळायचं. आपण काही पोरांनी पेण आणि रोह्याच्या मोहल्ल्यांसाठी मदतीची यादी सुरू केली. कुणाला सिलेंडर हवा, कुणाला डबा हवा, कुणाला गाडी. मी गूगल फॉर्म बनवून दिला. नाव, वय, फोन, ताप, ऑक्सिजन आणि शेवटचा रकाना ‘इतर आजार’. लोकांना फोनवर टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून मी त्या रकान्यात आधीच ‘नाही’ भरून ठेवलं. ज्याला आजार असेल त्याने बदलावं. ज्यांच्यापुढे ‘आहे’ असेल त्यांना आधी फोन, त्यांना आधी ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटर आपल्याकडे मोजकेच होते.

त्या यादीत माझ्या मामूंचं नाव आलं. वय ५६. वीस वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते, परत येऊन इथेच किराणा दुकान चालवायचे. शेजाऱ्याच्या ऑक्सिमीटरवर ९६. इतर आजार : नाही. फॉर्म मामेभावाने भरला होता. त्याने खोटं लिहिलं नाही. त्याने तो रकाना उघडलाच नाही.

मामू यादीत खाली गेले. त्यांच्याकडे ऑक्सिमीटर पोचला चौथ्या दिवशी, तेव्हा आकडा ८८ होता. बोलत होते, हसत होते, चहा मागत होते. या आजारात ऑक्सिजन उतरतो आणि माणसाला जाणवत नाही, हे आता आपल्याला ठाऊक आहे. दवाखान्यात साखर तपासली तर चारशेच्या वर. डॉक्टरांनी मुमानींना विचारलं, “शुगर किती वर्षांपासून आहे?” मुमानी म्हणाल्या, “यांना शुगर नाहीच.” अंगात संसर्ग असला की साखर एरवीही चढते, म्हणून डॉक्टरांनी एचबीए१सी करून घेतली. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती आली अकराच्या वर. म्हणजे शुगर त्या आठवड्यात आलेली नव्हती, फार आधीपासून होती. रात्री चारदा उठायचे, सारखी तहान लागायची, वजन उतरलं होतं. आम्ही म्हणायचो, रोजे आहेत, उन्हाळा आहे.

नवव्या दिवशी त्यांचा इन्तिकाल झाला. अल्लाह मगफिरत करो.

आणि दफनविधीच्या दुसऱ्याच दिवशी लोक काय म्हणू लागले? “शुगर होती ना त्यांना, मग काय!” माझ्या फॉर्मवर जिवंतपणी ‘नाही’ असलेला आजार मेल्यावर सगळ्या गोष्टीचं उत्तर झाला. या दोन वाक्यांमध्ये, ‘आजार नाही’ आणि ‘आजार होताच’, एक माणूस गेला. मला आज त्या मधल्या जागेबद्दल बोलायचं आहे.

आधी आकडे पाहू, थोडेच. हा आजार आला तेव्हा, फेब्रुवारी २०२० मध्ये, चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने पहिला मोठा तक्ता छापला. खात्रीच्या झालेल्या ४४ हजारांहून जास्त रुग्णांत शंभरामागे सरासरी २.३ जण दगावले होते. ज्यांना दुसरा कुठलाच आजार नोंदलेला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ०.९ होतं. हृदयविकार असलेल्यांत १०.५, मधुमेह असलेल्यांत ७.३, श्वसनाचा जुनाट आजार असलेल्यांत ६.३, उच्च रक्तदाब असलेल्यांत ६ आणि कॅन्सर असलेल्यांत ५.६. आपल्या आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकात ‘अतिजोखमीचे आजार’ हे शब्द यायचे, ते हेच. सरकारी मराठीत यांना सहव्याधी म्हणतात.

पण या तक्त्यात एक गुंता आहे. शुगर, बीपी, हार्ट हे आजार वय वाढलेल्यांनाच जास्त असतात. मग माणूस वयामुळे गेला की आजारामुळे? हा गुंता इंग्लंडमधल्या संशोधकांनी बराच सोडवला. त्यांनी १ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांच्या दवाखान्याच्या नोंदी, नावं न उघडता, एकत्र तपासल्या. त्यात जवळपास अकरा हजार कोविड मृत्यू होते. जुलै २०२० मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. ओपनसेफली नाव त्या कामाचं. त्यांनी आपला प्रोग्रामही सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणून माझ्यासारख्यालाही तो वाचता आला.

त्यातून काय दिसलं? एक, वय हा सगळ्यात मोठा धोका. पन्नाशीतल्या माणसाच्या तुलनेत ऐंशीच्या पुढच्या माणसाचा धोका वीसपटीहून जास्त. वयाचं आपण काही करू शकत नाही. दोन, वय आणि बाकीच्या गोष्टी हिशेबातून वेगळ्या काढल्या तरी मधुमेहाचा धोका उरतोच. पण कुणाचा किती? ज्यांची एचबीए१सी साडेसातच्या आत होती, त्यांचा धोका मधुमेह नसलेल्यांपेक्षा सुमारे १.३ पट. ज्यांची त्याहून जास्त होती, त्यांचा जवळजवळ दुप्पट. आजार तोच आहे, नाव तेच आहे. फरक आहे तो साखर ताब्यात असण्याचा.

तीन, नुसता उच्च रक्तदाब बाकी सगळं वेगळं काढल्यावर फारसा धोका वाढवताना दिसला नाही. यावरून कुणी गोळी बंद करू नका! बीपीने वर्षानुवर्षं जे बिघडवून ठेवलेलं असतं, म्हणजे किडनी, हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या, त्यांचा धोका मात्र स्पष्ट दिसला. बीपी हा भाडेकरू आहे. भाडं थकलं तरी आवाज करत नाही, आतून घर पोखरतो.

हे असं का होतं, तेही थोडक्यात सांगतो, डॉक्टरांकडून समजून घेतलेलं. रक्तात साखर सतत जास्त असेल तर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. लहान रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आधीच खराब झालेलं असतं. कोविड फुप्फुसात सुरू होतो, पण रक्तवाहिन्यांनाही सूज आणतो, गुठळ्या करतो. त्यात संसर्गामुळे साखर आणखी चढते. आणि मग येतं स्टेरॉइड.

स्टेरॉइडबद्दल नीट समजून घेऊ. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने कमी झाले. ते औषध जीव वाचवणारं आहे. पण त्याच चाचणीत, ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. आणि हे औषध साखर वाढवतं. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक चिठ्ठी फिरत होती, ताप आला की या गोळ्या घ्या म्हणून. त्यात स्टेरॉइड होतं. ती चिठ्ठी इथल्या किती जणांनी पुढे पाठवली असेल? हात वर करू नका. मीही पाठवली होती. मे महिन्यात ‘काळी बुरशी’, म्युकरमायकोसिस, आपण सगळ्यांनी ऐकली. कुणाचा डोळा गेला, कुणाचा वरचा जबडा काढावा लागला. त्यातले बहुतेक रुग्ण मधुमेहाचे होते, अनेकांनी स्टेरॉइड घेतलेलं होतं. ज्याला आपली साखर माहीतच नाही, त्याने मनाने स्टेरॉइड घेणं म्हणजे काय, हे यावरून समजा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘नाही’ कुठून येतं?

आमच्या कामात एक पहिला धडा शिकवतात. शून्य वेगळं आणि रिकामं वेगळं. खात्यात शून्य रुपये आहेत, याचा अर्थ कुणीतरी मोजले आणि काही निघालं नाही. रकाना रिकामा आहे, याचा अर्थ कुणी मोजलेच नाहीत. दोघांना एक समजलात की हिशेब बुडाला. मी हे रोज दुसऱ्यांना सांगतो आणि माझ्याच मोहल्ल्याच्या फॉर्मवर रिकाम्याच्या जागी ‘नाही’ लिहून ठेवलं. २०१९ च्या जागतिक अंदाजात भारतात ७ कोटी ७० लाख प्रौढांना मधुमेह होता आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे आपल्या यादीतल्या ‘नाही’पैकी किती खरे ‘नाही’ होते?

पहिलं कारण, तपासणीच नाही. आपल्याकडे माणूस दुखल्याशिवाय दवाखान्यात जात नाही, आणि साखर दुखत नाही. बायकांचं तर विचारूच नका. बाळंतपणात कधीतरी शुगर वाढलेली सापडते, बाळ होतं, फाइल कपाटात जाते, पुन्हा कुणी विचारत नाही.

दुसरं कारण, खंड. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, गावातले छोटे दवाखाने बंद झाले. ज्यांना शुगर माहीत होती त्यांचीही तपासणी थांबली. त्यावर ३ जूनला निसर्ग वादळ आलं. रोहेकरांना सांगायला नको, छपरं उडाली, खांब पडले, कितीतरी वाड्या-वस्त्यांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. घरात इन्सुलिन असलेल्यांचं काय झालं असेल? फ्रिज बंद. कुणी माठाच्या ओल्या वाळूत बाटली ठेवली, कुणी फेकून दिली आणि नवी मिळेपर्यंत तसंच राहिलं. वादळाच्या पंचनाम्यात पत्रे मोजले, झाडं मोजली. चुकलेली इन्सुलिन कुठल्या रकान्यात लिहिणार?

तिसरं कारण बोलायला अवघड आहे, पण आपल्याच लोकांत आहे म्हणून बोलतो. भीती. १५ सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई, स्वयंसेवक घरोघर येऊन ताप, ऑक्सिजन बघत होते, घरात कुणाला शुगर, बीपी आहे का विचारत होते. चांगलं काम होतं. पण आपल्या मोहल्ल्यात वही घेऊन दारात आलेल्या माणसाला लोक त्या वर्षी घाबरत होते. आधी हिवाळाभर कागदांची चर्चा, मग मार्च-एप्रिलमध्ये साथीचं खापर आपल्या डोक्यावर फोडणं. त्यात क्वारंटाइनमध्ये उचलून नेतील ही धास्ती. मग दारातल्या बाईला एकच उत्तर, “सगळे ठीक आहेत, काही नाही.” भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या ‘काही नाही’ची किंमत वहीवाल्याने मोजली नाही, आपल्या आईबापांनी मोजली.

ती किंमत कशी, बघा. यंदा १ मार्चला लसीकरण साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या सहव्याधी असलेल्यांना खुलं झालं. वीस आजारांची यादी होती, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागायचं. मामू ५६ वर्षांचे होते. शुगर माहीत असती, तर त्यांनी डॉक्टरांना तरी विचारलं असतं. ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस सुरू झाली १ एप्रिलला. तोपर्यंत लाट दारात होती. ते म्हणाले, रमजान होऊ दे, मग घेतो.

रोज्याबद्दल एकच सांगतो. आजारी माणसाला आपल्या दीनमध्ये सवलत आहे, हे इथे बसलेल्या मौलाना साहेबांनी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगितलेलं आहे. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर बघितल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. तरी लोक रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा मनाने बदलतात, इन्सुलिन सोडतात आणि तपासत नाहीत. पुढचा रमजान येण्याआधी महिनाभर डॉक्टरांना भेटा, वेळा ठरवून घ्या.

गेल्या रविवारी पेणला हेच बोललो, तेव्हा गणपतीच्या कारखान्यात काम करणारा एक कारागीर उठला. तीस वर्षं प्लास्टरच्या मूर्ती घासतोय. म्हणाला, “साहेब, जिना चढताना दम लागतो. हा आजार लिहायचा की वय लिहायचं?” मला उत्तर देता आलं नाही, शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी दिलं. ते म्हणाले, “आधी फुंकायची टेस्ट करू, मग लिहू.” मला हे उत्तर फार आवडलं. धूळ, विडी, चुलीचा धूर यांनी फुप्फुसं खराब झालेली कितीतरी माणसं आहेत, त्यांच्या आजाराला नावच नाही. त्यांच्याही पुढे ‘नाही’ लिहिलेलं आहे.

आता, काय करायचं?

आम्ही यादी पुन्हा बनवली. ‘इतर आजार’पुढे आता तीन उत्तरं आहेत. ‘आहे.’ ‘तपासलं, नाही.’ ‘तपासलेलं नाही.’ आधीचं काहीच भरलेलं नसतं, माणसाला स्वतः निवडावं लागतं. आणि ‘तपासलेलं नाही’वाल्याला आम्ही ‘आहे’वाल्याइतकंच वर ठेवतो. ही यादी कुठे जाणार नाही. मोहल्ल्यातल्या दोन माणसांकडे राहील, त्यातली एक बाई असेल, आणि कुणी म्हणालं माझं नाव काढा, तर त्याच दिवशी निघेल. विश्वास मागायचा तर आधी द्यावा लागतो.

दर रविवारी आपल्याकडे ग्लुकोमीटर आणि बीपीचं मशीन असतं. तिथला आकडा म्हणजे निदान नाही, इशारा आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, बीपी १४०/९० किंवा वर आलं, तर डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासून घ्यायचं. तीस वर्षांवरच्यांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. आपले पैसे घालायचे ते गाडीभाड्यासाठी, टेस्टसाठी नाही. पहिल्याच रविवारी ‘नाही’ लिहिलेल्यांपैकी काहींचे आकडे असे आले की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यातले एक चाचा मला म्हणाले, “बरा होतो रे मी, तू कशाला आजारी केलंस!” मी म्हटलं, “चाचा, मी नाही केलं. मी फक्त बघितलं.” ते आता गोळ्या घेतात. शिव्याही देतात.

आणि लस. अजूनही लोक म्हणतात, “मला शुगर आहे, हार्ट आहे, मला लस झेपणार नाही.” अहो, नेमक्या तुम्हालाच तर आधी बोलावलं होतं. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल, कुठली अ‍ॅलर्जी असेल तर टोचण्याआधी तसं सांगा. पण घरी बसू नका. पहिला डोस घेऊन थांबलेले पुष्कळ आहेत. कोविशिल्डचे ८४ दिवस झाले असतील तर दुसरा घ्या. मोहल्ल्यात वयस्कर बायका मागे राहिल्यात, केंद्रापर्यंत नेणारं कुणी नाही म्हणून. नेणारे आपण आहोत.

उद्यापासून शाळा उघडताहेत. गुरुवारी, ७ तारखेला, मशिदी आणि मंदिरं उघडतील. दीड वर्ष घरात नमाज पढणारे आपले बुजुर्ग पहिल्या सफमध्ये उभे राहायला आतुर आहेत. त्यांना थांबवायचं नाही. फक्त जाण्याआधी प्रत्येक घराने एवढं बघावं : दोन डोस झाले का, साखर आणि बीपी या महिन्यात बघितलं का, गोळ्या संपल्या तर नाहीत?

शेवटी एक विनंती. राज्यात आजवर १ लाख ३८ हजारांहून जास्त माणसं या साथीत गेली. त्यातल्या कुणाबद्दलही “त्यांना आजार होताच ना” असं म्हणू नका. आजार असलेल्या माणसाचा जगण्याचा हक्क कमी नसतो. शुगरसह वीस-तीस वर्षं जगणारी माणसं इथे समोर बसलेली आहेत. आधीचा आजार हे मरण्याचं कारण म्हणून सांगायचं नसतं, जिवंतपणी आधी धावून जायचं कारण म्हणून लिहायचं असतं. मी ते उलटं करून बसलो.

मामूंची ती ओळ मी जुन्या यादीतून पुसलेली नाही. ‘इतर आजार : नाही’ तशीच आहे. नवीन कुणी पोरगा आमच्याबरोबर काम करायला आला की मी त्याला आधी ती ओळ दाखवतो.

बाहेर टेबलावर मशीन ठेवलंय. चहा नंतर, आधी बोट पुढे करा. सुरुवात माझ्यापासून.